सभासदांचा शनिवार

सकाळी सहा

गाळ्याचं शटर वर गेलं की आधी वास येतो. ओलं लाकूड, व्हॅनिला, करपवलेली साखर आणि त्या सगळ्याच्या मागून बर्बनची झणझणी. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत, एका औद्योगिक वसाहतीतल्या दोन गाळ्यांत आमची ब्रुअरी आहे. पुढच्या गाळ्यात टाक्या आणि टॅपरूम, मागच्या गाळ्यात लोखंडी घडवंच्यांवर रचलेली ओकची बॅरलं. आज नोव्हेंबरातला शनिवार आहे. वर्षाची वर्गणी आधीच भरून बसलेले सभासद आज आपल्या वाट्याची काळी स्टाउट न्यायला येतील. माझं आजचं काम मुख्यतः त्यांच्याशी. तरी दिवसाची सुरुवात मी बॅरलांपाशीच करते, कारण पुढच्या वसंतात त्यांना जी बार्लीवाइन द्यायची आहे ती या घडीला इथे मुरते आहे.

हातात पक्कड, ग्लास आणि खडू. प्रत्येक बॅरलच्या सपाट तोंडावर एक स्टेनलेस स्टीलचा खिळा ठोकलेला असतो. पकडीने तो उपसला की जेमतेम तीन मिलिमीटरच्या छिद्रातून तांबूस तपकिरी धार ग्लासात पडते. दोन घोट जमले की खिळा परत जागेवर, वर हातोडीचा हलका ठोका. रशियन रिव्हर ब्रुअरीच्या विनी सिलुर्झो यांनी ही युक्ती रूढ केली, म्हणून या धंद्यात सगळे त्याला विनी नेल म्हणतात. वरचं बूच काढूनही नमुना घेता येतो, पण बूच निघालं की हवा आत शिरते आणि हवा मिळाली की व्हिनेगर करणारे जिवाणू कामाला लागतात. खिळ्याच्या छिद्रातून आत जाते ती नगण्य.

ग्लास नाकाशी धरायचा, घाई करायची नाही. खारीक, सुकं अंजीर, टॉफी, थोडं खोबरं: ठीक. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे हवा लागली आहे. लोण्यासारखा वास म्हणजे यीस्टने काम अर्धवट सोडलं किंवा नको ते जिवाणू शिरले. आंबूसपणा जाणवला तर सरळ खडूची फुली. आज खालच्या थरातल्या एका बॅरलवर फुली मारली. हेड ब्रुअर आला, त्याने चाखलं, काही न बोलता मान हलवली. जवळजवळ 200 लिटर बिअर आता गटारात जाणार. फुली मारताना दरवेळी पोटात तुटतं, पण दुसऱ्या बॅरलमध्ये थोडी थोडी मिसळून ती खपवण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. आंबूसपणा मिसळल्याने पातळ होत नाही, पसरतो. जिवाणू जिवंत असतात, बाटलीतही वाढत राहतात.

ही बॅरलं केंटकीहून येतात. अमेरिकी कायद्याप्रमाणे बर्बन नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या बॅरलमध्येच मुरवावी लागते. एकदा बर्बन काढली की डिस्टिलरीला त्याच बॅरलमध्ये पुन्हा बर्बन भरता येत नाही, म्हणून चांगली, मजबूत, दारू प्यालेली बॅरलं विकायला निघतात. शिकागोच्या गूज आयलंडने 1990च्या दशकात जिम बीमच्या अशाच बॅरलांत स्टाउट भरली आणि बर्बन काउंटी स्टाउट जन्माला आली. आज अमेरिकेत हजारो लोक ज्या बाटल्यांसाठी वर्षभर आधी पैसे भरतात, त्या सगळ्यांची मुळं त्या प्रयोगात आहेत.

सकाळी साडेसात

पॅलेट बाहेर काढायला सुरुवात. फोर्कलिफ्ट वेअरहाऊसमधला सहकारी चालवतो, मी यादी घेऊन बाजूला. खोके आडनावांच्या क्रमाने लावायचे. प्रत्येक सभासदाच्या ऑर्डरवर दोन आकडे: वाट्याच्या बाटल्या किती आणि जास्तीच्या किती.

आमचा हिशेब असा आहे. वर्षाची वर्गणी सव्वादोनशे डॉलर. त्यात वर्षातून चार वेळा दोन-दोन बाटल्या, 750 मिलिलिटरच्या. शिवाय प्रत्येक वेळी आणखी चार बाटल्यांपर्यंत विकत घेण्याचा हक्क, त्यावर सवलत, आणि सभासदांसाठी राखून ठेवलेला सकाळचा वेळ. एका बॅरलमध्ये 53 गॅलन, म्हणजे सुमारे 200 लिटर मावतात. महिनोन्‌महिने लाकडातून थोडी उडून जाते, थोडी लाकूड पितं, थोडी तळच्या गाळाबरोबर जाते. हातात येते ती 180 लिटर धरायची, म्हणजे 240 बाटल्या. यंदाच्या स्टाउटची 18 बॅरलं भरली होती, दोन फुली मारून गेली. उरली 16, म्हणजे 3,840 बाटल्या. सभासद 600. वाट्याच्या 1,200, सगळ्यांनी पूर्ण हक्क वापरला तर जास्तीच्या 2,400. एकूण 3,600. शिल्लक बरोबर एक बॅरल. ते बाटल्यांत भरलेलंच नाही, त्याबद्दल पुढे येईल.

ही आकडेमोड मी कोणालाही, अगदी न विचारता, सांगते, कारण सभासदत्वाचं खरं स्वरूप तिच्यात आहे. साधी आयपीए तीन आठवड्यांत तयार होते, महिन्याभरात विकली जाते, पैसे परत येतात. अशा स्टाउटला माल्ट दुप्पट-तिप्पट लागतं, उकळायला दिवस जातो, यीस्ट साखरेच्या त्या घट्ट रसात धापा टाकत काम करतं, आणि मग नऊ-दहा महिने बॅरल नुसतं जागा अडवून बसतं. तेवढा काळ माल्टवाला थांबत नाही, गाळ्याचा मालक तर नाहीच नाही. बँक लहान ब्रुअरीला बॅरलातल्या बिअरवर कर्ज द्यायला नाखूश असते. ती चव अजून तयार व्हायची असते, तिची किंमत कोण ठरवणार? सभासद ती ठरवतो. डिसेंबरात त्याची वर्गणी येते, जानेवारीत त्या पैशांचं माल्ट येतं, फेब्रुवारीत बॅरलं भरतात आणि आज, नोव्हेंबरात, त्याची बाटली खोक्यात पडते. सहाशे माणसांनी आमच्यावर ठेवलेली ही उधारी आहे, आणि उधारी फेडण्याचा दिवस म्हणून मी या शनिवारकडे बघते.

ही रीत आमची नाही. नापा-सोनोमातल्या वायनरींचे क्लब फार आधीपासून असे चालत आले. बिअरमध्ये ती ठळकपणे रुजवली आमच्याच काउंटीतल्या प्लासेन्शिया गावच्या ‘द ब्रुअरी’ याच नावाच्या ब्रुअरीने. पॅट्रिक रू यांनी 2008 मध्ये ती सुरू केली, आणि 2009 मध्ये ब्लॅक ट्यूसडे नावाची, 19 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेली, बर्बन बॅरलमधली स्टाउट बाजारात आणली. त्यांच्या सभासदत्वाच्या पायऱ्या आहेत: प्रिझर्व्हेशन सोसायटी, रिझर्व्ह सोसायटी आणि सर्वांत वर हॉर्डर्स सोसायटी. आता व्हर्मांटपासून मिझुरीपर्यंत कित्येक लहान ब्रुअरी या ना त्या नावाने तेच करतात.

सकाळी साडेनऊ

दहा मिनिटांची बैठक. वयाचा पुरावा प्रत्येकाचा बघायचा, दर महिन्याला येणाऱ्या ओळखीच्या चेहऱ्याचाही. इथे वय 21 पूर्ण हवं. परराज्यातल्या सभासदांच्या वतीने बाटल्या न्यायला येणाऱ्या प्रतिनिधींची यादी वेगळी, निळ्या फाईलमध्ये. पाण्याचे जार टेबलांवर भरून ठेवायचे. चव घ्यायला द्यायची ती दोन औंसच, मग कोणी कितीही गोड बोलो.

सकाळी दहा

दार उघडतं. रांग पार्किंगच्या टोकापर्यंत गेलेली असते, पण सभासदांच्या रांगेत धक्काबुक्की नसते, कारण प्रत्येकाची बाटली ठरलेली आहे. पहिला आला काय आणि शेवटचा आला काय. बारमाही येणारे एकमेकांना ओळखतात. कोणी घरून मागच्या वर्षीची बाटली आणलेली असते, पार्किंगमध्ये ती उघडायची नाही हे माहीत असूनही एकमेकांना दाखवायची असते. मुलीच्या बारशाची गोष्ट, नोकरी गेल्याची गोष्ट, गुडघ्याच्या ऑपरेशनची गोष्ट, सगळं या रांगेत कानावर पडतं. वर्षातून चार वेळा भेटणारी ही माणसं आता एकमेकांच्या घरी जातात. वर्गणीच्या पावतीवर हे कुठे लिहिलेलं नसतं, पण बरेच जण नूतनीकरण करतात ते यासाठी, असं माझं मत आहे.

साडेदहाच्या सुमारास अर्व्हाइनहून येणारे काका-काकू आले. काका इंजिनिअर, निवृत्त. काकू घेतात फक्त वास, पण त्यांचं नाक काकांपेक्षा तिखट. खोकं हातात आल्यावर काकांनी हळूच विचारलं, "अगं, डिसेंबरात पुण्याला जातोय. ही नेली तर कस्टमवाले अडवतील का?"

"दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर, काका. माणशी दोन लिटरपर्यंत सूट आहे. चेक-इन बॅगेत टाका, कपड्यांत नीट गुंडाळून."

"माणशी ना? मग काकूंच्या बॅगेत आणखी दोन."

"माझ्या बॅगेत भाचरांची चॉकलेटं आहेत," काकूंनी विषय संपवला.

भाच्यासाठीच न्यायची होती. पुण्यात 2009 मध्ये डूलाली निघाली, तिथली ती पहिली मायक्रोब्रुअरी; तेव्हा भाचा कॉलेजात होता. मला काकांना एक गोष्ट नीट समजावून सांगायची होती आणि मी सांगितली: पुण्यात तो जी बिअर पितो ती टाकीतून ताजी येते, आणि जितकी ताजी तितकी चांगली. ही त्याच्या उलट. ही चौदा टक्क्यांची आहे, बर्फासारखी गार प्यायली तर चॉकलेट आणि लाकूड दोन्ही जिभेवर उमटत नाहीत. फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा, चार जणांत एक बाटली, लहान ग्लासातून. आणि वरचं मेण सुरीने सोलत बसू नका, ओपनर सरळ मेणातून झाकणाला लावा. काकूंनी ते चिठ्ठीवर लिहून घेतलं. महाराष्ट्रातही बिअरला 21 वर्षांची अट आहे, त्याहून कडक दारूला 25ची, आणि वर पिण्याचा परवाना वेगळा. काका म्हणाले, त्यांच्या वडिलांचा आजन्म परवाना अजून कपाटात आहे, लॅमिनेट करून ठेवलेला.

दुपारी बारा

आता दार सगळ्यांसाठी उघडं. आणि आता ते सोळावं बॅरल.

ते आम्ही बाटल्यांत भरत नाही, तीन मोठ्या केगमध्ये भरतो आणि सभासद नसलेल्यांसाठी टॅपवर लावतो. लहान ग्लास, माणशी एक, संपेपर्यंत. हे मी भांडून सुरू करून घेतलं आहे आणि दरवर्षी त्याच्यासाठी पुन्हा उभी राहते. वर्गणी भरणाऱ्यांना हक्क हवा हे मान्यच. पण सव्वादोनशे डॉलर एकदम काढून देणं ज्याला जमत नाही, किंवा ज्याला आधी चव घेऊन बघायचं आहे, त्याच्या तोंडावर दार बंद झालं तर पुढच्या पाच वर्षांत नवे सभासद येणार कुठून? रशियन रिव्हरचं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर असतं. त्यांची प्लिनी द यंगर 2005 पासून वर्षातून एकदाच येते, आणि तिच्यासाठी सभासदत्व नाहीच. जो रांगेत उभा राहील त्याला मिळते. माणसं तासन्‌तास उभी राहतात, त्यांच्या सांता रोझा शहरातल्या हॉटेलांना त्या दिवसांत धंदा मिळतो. सगळ्यांना ते जमणार नाही. एवढी रांग सांभाळायला रस्ता, पोलीस, स्वच्छतागृहं, सगळं लागतं. आमच्या गाळ्यापुढे शंभर माणसं उभी राहिली तर शेजारच्या टायरवाल्याचा धंदा बंद. म्हणून आमचा मध्यम मार्ग: बाटल्या सभासदांना, एक बॅरल रस्त्याला.

आज एक तरुण आला, पायात पेंटचे डाग पडलेले बूट, बहुतेक शनिवारचं काम अर्ध्यावर टाकून. ग्लास घेतला, पहिला घोट घेतल्यावर भिंतीला टेकला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. जाताना सभासदांच्या प्रतीक्षा यादीचा कागद मागून घेतला.

दुपारी दीड

गर्दी शिगेला, आणि निळ्या फाईलची वेळ.

अमेरिकेतली दारूबंदी 1933 मध्ये उठली तेव्हा एकविसाव्या घटनादुरुस्तीने दारूचे नियम ज्या त्या राज्याच्या हाती दिले. त्याचा परिणाम आजही असा की बऱ्याच राज्यांत ब्रुअरीने ग्राहकाच्या घरी थेट बिअर पाठवणं कायद्यात बसत नाही. म्हणून परराज्यातला सभासद स्थानिक मित्राला प्रतिनिधी नेमतो. प्रतिनिधी बाटल्या उचलतो, मित्र सुट्टीत येतो तेव्हा घेऊन जातो. चोवीस टक्क्यांपर्यंतच्या अल्कोहोलला विमानाच्या चेक-इन सामानात प्रमाणाची मर्यादा नाही, त्यामुळे बिअरची अख्खी बॅग भरून नेणारेही आहेत.

अडचण येते ती प्रतिनिधी कोण यावर. आज एक गृहस्थ तीन वेगवेगळ्या सभासदांच्या नावाने आले. कागद बरोबर होते, सह्या होत्या, तिन्ही खोकी दिली. पण मी त्यांना स्पष्टपणे विचारलं की बाटल्या कुठे जाणार. परवान्याशिवाय दारू विकणं कॅलिफोर्नियात गुन्हा आहे, आणि मुरवलेल्या स्टाउटच्या बाटल्या दुप्पट-तिप्पट भावाने हातोहात विकणारे आमच्या यादीत शिरले तर ज्याने वर्षभर विश्वासाने पैसे गुंतवले त्याच्याच जिवावर दुसरा कमावतो. आमचा नियम एका ओळीचा आहे: विकताना सापडलात तर उरलेल्या तिमाहींची वर्गणी परत आणि सभासदत्व संपलं. बेल्जियममधल्या वेस्टव्लेटेरनच्या मठातले साधू फार पूर्वीपासून ग्राहकाला हेच बजावतात की ही बिअर पुन्हा विकू नका. त्यांच्याकडे आधी फोनवर नंबर लावावा लागे, गाडीच्या नंबरप्लेटची नोंद होई. 2019 पासून ते ऑनलाइन मागणी घेतात. त्यांच्याकडे सभासदत्व नाही, वर्गणी नाही, मठ चालेल एवढीच बिअर करायची हा निश्चय आहे. हा निश्चय मला फार मोठा वाटतो.

याच वेळात न उचललेल्या बाटल्यांचा प्रश्न समोर येतो. उन्हाळ्यातल्या वाट्याची काही खोकी अजून कोल्ड रूममध्ये आहेत. प्रत्येक खोकं जागा अडवतं, वीज खातं, आणि मुदत संपली की नियमाप्रमाणे ते ब्रुअरीचं. नियम मी पाळते, पण त्याआधी प्रत्येकाला फोन करते. एक सभासद दवाखान्यात होते. त्यांच्या मुलीने फोन उचलला. त्यांची खोकी पुढच्या वर्षापर्यंत राहतील. हा निर्णय माझ्या अधिकारात आहे आणि तो घ्यायला मला कोणाला विचारावं लागत नाही.

दुपारी तीन

टॅपरूम दुसऱ्यांच्या हवाली करून मी मागे येते. उद्या दुपारी लांबचे प्रतिनिधी येतील, त्यांच्या काही खोक्यांना अजून मेण लागलेलं नाही.

मेणाचं भांडं विजेवर तापतं; मेण गडद लाल. बाटली पालथी धरायची, मान दोन बोटं खोल बुडवायची, अर्धा फेरा फिरवायची आणि सरळ वर. मग हातातच दोन-तीन श्वास थांबायचं. मेण फार तापलेलं असेल तर पातळ थर बसतो, काचेचा रंग दिसतो. निवत आलेलं असेल तर गोळे धरतं आणि ओघळ अर्ध्यात अडकतात. मधल्या टप्प्यावर ओघळ खांद्यापर्यंत येतात आणि तिथे थिजतात, एकही दुसऱ्यासारखा नाही. बिअर टिकवण्याचं खरं काम पत्र्याच्या झाकणाचं. मेण शोभेचं आहे हे मी सभासदांना सांगतेच. तरी ते हाताने लावण्याचा आग्रह मी सोडत नाही. यंत्राने भरलेल्या, यंत्राने लेबल चिकटवलेल्या बाटलीवर शेवटी एक माणसाचा हात फिरलेला असतो, आणि ज्याने वर्षभर वाट पाहिली त्याला ते बघताक्षणी कळतं.

तासभर एकटीनेच हे करत असते. दिवसातला माझा सगळ्यात आवडता तास.

संध्याकाळी पाच

मागच्या गाळ्यात, बॅरलांच्या मधोमध, बैठक: मालक, हेड ब्रुअर, हिशेब बघणारी सहकारी आणि मी. विषय पुढच्या वर्षीचं सभासदत्व. नूतनीकरण डिसेंबराच्या पहिल्या आठवड्यात उघडतं, आधी जुन्यांना, मग प्रतीक्षा यादीला. यादी लांब आहे.

मालकांनी आकडा टाकला: 800. दोनशे नवे म्हणजे डिसेंबरात 45,000 डॉलर जास्त. गाळ्याचं भाडं वाढलं आहे, माल्ट महागलं आहे. आणि बाजाराची स्थिती सगळ्यांना दिसते आहे. 2024 मध्ये अमेरिकेत जितक्या ब्रुअरी उघडल्या त्याहून जास्त बंद पडल्या. मालक घाबरून बोलत नव्हते, जबाबदारीने बोलत होते. पगार त्यांना द्यायचे आहेत.

मी सकाळचा कागद पुढे केला. 800 सभासदांच्या वाट्याच्या 1,600, हक्काच्या 3,200. एकूण 4,800 बाटल्या, म्हणजे 20 चांगली बॅरलं. फुल्या धरून 22-23 भरावी लागतील. मागच्या गाळ्यात एका खेपेला 18च्या वर जागा नाही, बार्लीवाइन आणि बाकीचं धरून. मग एक तर हक्काच्या बाटल्या ऐनवेळी कापाव्या लागतील, किंवा फुलीचं बॅरल मिसळून द्यायचा मोह होईल. दुसऱ्या गोष्टीची मला जास्त भीती वाटते. गूज आयलंडचं 2015चं उदाहरण सगळ्यांसमोर आहे. त्या वर्षीच्या काही बाटल्यांत लॅक्टोबॅसिलस जातीचा एक जिवाणू निघाला, बिअर आंबट झाली. त्यांनी ते जाहीर केलं, ग्राहकांना पैसे परत केले आणि 2016 पासून बिअर पाश्चराइज करायला लागले. त्यांच्यामागे एबी इनबेव्हसारखी अवाढव्य कंपनी होती, त्यांना तो खर्च पेलला. आम्ही एका हंगामात संपलो असतो.

हेड ब्रुअरने मधला रस्ता काढला. 700 सभासद, पण जास्तीच्या बाटल्यांचा हक्क चारवरून तीनवर. वाट्याच्या 1,400, हक्काच्या 2,100, एकूण 3,500. सोळा बॅरलांत बसतं, रस्त्याचं बॅरलही वाचतं. हाती येतात ते 22,500 डॉलर जास्त. मालकांना हवे होते त्याच्या निम्मे.

मला ते पटलं असं नाही. 600 हा आकडा आम्ही कमावलेला होता. त्या संख्येत प्रत्येकाचं नाव मला माहीत आहे, 700 मध्ये ते राहणार नाही. पण पुढच्या वर्षाचं वचन अजून कोणाला दिलेलं नाही. पैसे घेण्याआधी, पहिल्याच ओळीत, जुन्या सभासदाला सांगितलं की तुझा हक्क एका बाटलीने कमी होतोय, आणि त्याला नको असेल तर सन्मानाने बाहेर पडायची मुभा दिली, तर त्यात फसवणूक नाही. मी एवढी एक अट घातली: ते पहिल्या ओळीत असेल, खाली बारीक अक्षरांत नाही. मालक लगेच हो म्हणाले.

संध्याकाळी सात

नूतनीकरणाचं पत्र माझ्याकडे. टॅपरूममध्ये शेवटचे ग्लास धुतले जात आहेत, केगपैकी तिसरी रिकामी झाली आहे.

पहिली ओळ ठरल्याप्रमाणे: हक्क तीन बाटल्या, सभासद 700. दुसरी: वर्षातली चार वाटपं, अंदाजे महिने, आणि कोणती बिअर कोणत्या बॅरलातून. तिसरी: उचलण्याची मुदत, प्रतिनिधी नेमायचा असेल तर कसा, आणि आजारपण किंवा अडचण असेल तर मुदतीआधी आम्हाला फोन करा, बाटल्या ठेवू.

चौथी ओळ मी नवी घातली. एखादी बिअर आमच्या कसोटीला उतरली नाही, तर ती बाटलीत भरली जाणार नाही, आणि त्या वाट्याचे पैसे परत मिळतील किंवा हवं असल्यास पुढच्या वाटपात तेवढ्या जास्त बाटल्या. निवड सभासदाची.

मालकांनी पत्र फोनवर वाचलं, चौथ्या ओळीवर थांबले. विचारलं, ही लिहायलाच हवी का, अशी वेळ येईलच असं नाही. मी सकाळच्या त्या फुली मारलेल्या बॅरलबद्दल सांगितलं. वसंतातल्या बार्लीवाइनमधून 240 बाटल्या आजच कमी झाल्या आहेत. थोडा वेळ पलीकडे शांतता होती. मग म्हणाले, राहू दे, आणि "परत" या शब्दापुढे "पूर्ण" असा शब्द घाल.

घातला. पत्र सोमवारी सकाळी जाईल.